‘पुभाप्र’ लिहून गेलेले वाचक परत का आले नाहीत?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही नाशिकच्या सातपूरला कंपनीत आहात. शिफ्ट सांभाळून रंगपंचमीच्या रहाडीवर, म्हणजे रंग खेळायच्या जमिनीतल्या जुन्या हौदावर, एक दीर्घकथा लिहायला घेतलीत आणि तिचे चार भाग इथे या संकेतस्थळावर टाकलेत. पहिल्या भागाला ११ प्रतिसाद आले, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला २. चौथ्याला एकच आला आणि तोही असा: ‘ही कथा नाही, शाळेतला निबंध आहे.’ वाचक आणायचे कुठून, खरा अभिप्राय मिळवायचा कसा, कुणी कथा चोरली तर काय, आणि पाचवा भाग टाकायचा की नाही, हे तुम्ही विचारलंय.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठल्या अनुभवावर बोलतेय ते कळेल. मी इंदिरानगरला राहते. १९ वर्षं कथा लिहितेय, त्यातली १२ ऑनलाइनही. मधली सहा-सात वर्षं एका दिवाळी अंकाकडे येणाऱ्या कथांची पहिली चाळणी माझ्याकडे होती. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पाच-सहा जण माझ्या घरी जमतो आणि एकमेकांच्या कथा ऐकतो. माझं नाव फार मोठं नाही, पण नवख्या कथेवर माणसं काय बोलतात आणि बऱ्याचदा का बोलत नाहीत, हे मी पुष्कळ पाहिलंय. तुमचे चारही भाग वाचूनच हे लिहितेय.

तुमचा प्रश्न मला ‘अभिप्राय मिळत नाही’ असा वाटत नाही. तुम्हाला दोन वेगळी माणसं हवी आहेत आणि तुम्ही दोघांना एकाच हाकेत बोलावताय. एक वाचक, दुसरा कथा तपासून देणारा. शालिमारहून नाशिकरोडला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीला टेकून मोबाइलवर तुमचा भाग वाचणारा माणूस हा वाचक. त्याने वाचलं, आवडलं तर पुढचा भाग उघडला, नाही आवडलं तर दुसरं काहीतरी उघडलं. त्याचं काम तिथे संपतं. मिसळ खायला आलेल्या गिऱ्हाइकाने तर्री झेपली की नाही एवढं सांगावं. कांदा आणखी किती परतायला हवा होता हे सांगायला तो आलेला नसतो. तुम्ही प्रत्येक भागाच्या शेवटी लिहिलंय, ‘पहिलाच प्रयत्न आहे, चूकभूल द्यावी घ्यावी, प्रामाणिक अभिप्राय कळवा.’ बसमधला माणूस ते वाचून बिचकतो. त्याला वाटतं, आता मला काहीतरी शहाणपणाचं लिहावं लागणार. मग तो ‘छान, पुभाप्र’ (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) लिहितो आणि सटकतो. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत असल्याचं त्याने लिहिलं म्हणजे तो खरंच वाट पाहत बसलाय असं नव्हे. आपण रस्त्यात ‘या एकदा घरी’ म्हणतो ना, तसलंच ते.

११, ४, २, १ हा उतार बघून तुम्ही हबकलात. पहिल्या भागाचे ११ मी मोजतच नाही. नवा आयडी दिसला की लोक स्वागत करतात, ते प्रतिसाद तुमच्या येण्याला असतात. दुसऱ्या भागाला गळती सगळ्यांचीच होते, माझीही होते. बघायचं ते पुढे. तिसऱ्या भागापासून जे टिकतात ते तुमचे वाचक, आणि तुमच्याकडे ते जवळपास उरले नाहीत. का उरले नाहीत याचा माझा अंदाज सांगते. पटला नाही तर सोडून द्या.

तुमच्या कथेत दोन भाऊ आहेत. तिवंध्याजवळच्या वाड्याच्या वाटणीवरून आठ वर्षं बोलणं बंद. धाकटा रंगपंचमीला पुण्याहून येतो, आणि रहाडीत थोरला त्याच्याच अंगावर धप्पा मारतो, म्हणजे उडी घेतो. आठ वर्षांनी झालेला पहिला स्पर्श तो. वाचताना मी खरंच थांबले. वर्षभर फळ्या आणि मातीखाली गाडलेली रहाड उघडणं, पानाफुलांचा उकळलेला रंग, त्या वासाने धाकट्याच्या पोटात पडणारा खड्डा, हे तुम्ही पाहिलेलं आहे, ते कळतं. पण हे सगळं येतं तिसऱ्या भागाच्या शेवटी. त्याआधी पहिल्या भागात गजर होतो, तो उठतो, चहा पितो, शिवनेरीत बसतो, नारायणगाव जातं, संगमनेर जातं, सिन्नर येतं. दुसऱ्या भागात रहाडीची माहिती येते: पेशवेकाळापासूनची परंपरा, प्रत्येक रहाडीचा ठरलेला रंग, इतर गावं धुळवडीला रंग खेळतात आणि आपण पंचमीला. माहिती बरोबर आहे, पण ती सांगणारा धाकटा राहत नाही, तुम्ही सांगायला लागता. ‘निबंध’ म्हणणाऱ्याला बहुधा हेच खुपलं. त्याच्याकडे मी पुन्हा येते.

आता मी स्वतः काय करते ते.

आमच्या रविवारच्या बैठकीत एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. मधे स्टुलावर चिवड्याच्या वाट्या असतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं वाचून झालं की मी विचारायचे, ‘कसं वाटलं?’ आणि सगळे म्हणायचे, ‘छान झालीय, शेवट जरा बघा.’ प्रत्येक कथेला हेच. मग एकदा आमच्यातल्या एक काकू वाचत असताना मला दिसलं की एका विशिष्ट परिच्छेदाला चौघांचेही हात एकदम चिवड्याकडे गेले. त्याआधी पाच मिनिटं कुणाचा हात हलला नव्हता. मी माझ्या प्रतीवर तिथे पेन्सिलने टिंब केलं. तेव्हापासून हेच करते. ज्याची कथा तो वाचतो, आणि दुसरा कुणीतरी टिंबं करत बसतो. नोटप्रेसमधून निवृत्त झालेले आमचे एक सदस्य या कामात एवढे तरबेज झालेत की चहाचा कप बशीत कोणत्या वाक्याला टेकला तेही लिहून ठेवतात. माणसं तोंडाने काय म्हणतात त्यापेक्षा ही टिंबं मला जास्त उपयोगी पडली आहेत. तोंडाने बोलताना भिडस्तपणा आड येतो. चिवड्याकडे हात जाताना तो येत नाही.

ऑनलाइन वाचकाचा हात दिसत नाही, हे खरं. पण तोच प्रश्न शब्दांत विचारता येतो. ‘कसं वाटलं’ असं न विचारता ‘कुठे थांबलात’ असं विचारायचं. ‘कुठे वाचता वाचता फोन बाजूला ठेवावासा वाटला?’ ‘कोणता परिच्छेद नुसता चाळलात?’ याचं उत्तर द्यायला साहित्यातलं काही कळावं लागत नाही, आणि कुणाचं मन दुखावल्यासारखंही वाटत नाही. तुमच्या कथेखालची ती चूकभूलवाली ओळ काढून मी असं काही लिहिलं असतं: ‘हा भाग १,३०० शब्दांचा आहे, सात-आठ मिनिटं लागतील. एकच विचारायचंय. थोरला धाकट्याच्या अंगावर उडी मारतो ती रागाने की मायेने, तुम्हाला काय वाटलं?’ बघा, लोक उत्तर देतील. आपसात भांडतीलसुद्धा. आणि दहातल्या नऊ जणांनी ‘रागाने’ म्हटलं आणि तुमच्या मनात ‘मायेने’ असेल, तर कुठे काम करायचं ते तुम्हाला कुणी न शिकवता कळेल.

मात्र ही विचारपूस कथा सगळ्यांसमोर टाकल्यानंतरची. तपासून घ्यायचं काम त्याआधी, खासगीत, तिघा-चौघांकडून. तुम्ही कच्चा खर्डा चौकात मांडलात आणि वाचकांकडून दुरुस्तीची अपेक्षा केलीत, तिथे गाडी अडली असं मला वाटतं. वाचकाला पहिल्यांदा भेटताना कथा आंघोळ करून आलेली असावी. एकदा त्याने अर्ध्यावर सोडली की सुधारलेली कथा वाचायला तो परत येत नाही. ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून मी दोनदा कथा पुन्हा टाकली आहे आणि दोन्ही वेळा धागा, म्हणजे कथा आणि तिच्याखालची चर्चा, यादीच्या तळाला गेलाय.

हे तिघे-चौघे कोण असावेत? घरातले नकोत. माझे यजमान माझी प्रत्येक कथा वाचतात आणि प्रत्येक वेळी ‘चांगली आहे’ म्हणतात. त्यांना पुढे याच घरात जेवायचं असतं. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर टाकूच नका. अंगठे येतील, आणि कथेतला चुलता कोण यावरून दिवाळीत बोलाचाली होईल. पूर्वी हे काम काही संपादक करत. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून कथा पुन्हा पुन्हा लिहून घेत. ते मासिक १९८२ साली बंद झालं, आणि इतका वेळ देणारे संपादक आता विरळ. म्हणून आपलं काम आपल्यालाच एकमेकांत वाटून घ्यावं लागतं: तुमची मी वाचते, माझी तुम्ही वाचा.

असा जोडीदार शोधायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्यांच्या कथांखाली नीट लिहिणं. नीट म्हणजे लांबलचक नव्हे. ‘दुसऱ्या भागात आजी कुलूप लावताना दोनदा ओढून बघते, तिथेच मला कळलं की ती परत येणार नाही.’ एवढं एक वाक्य पुरतं. त्या लेखकाला समजतं की हा माणूस खरंच वाचतो. मी तुमचा आयडी उघडून पाहिला, राग मानू नका: चार भाग तुमचे आणि दुसऱ्या कुणाच्याही कथेखाली तुमचा एकही शब्द नाही. लोक हे हिशेबाने बघतात असं मी म्हणत नाही, पण ज्याच्या घरी आपण कधी गेलो नाही त्याला जेवायला बोलावलं तर तो जरा अवघडतोच. आणि कंपूबाजीचं म्हणाल तर ती असते. जुने आयडी एकमेकांना उचलून धरतात हे खरंय. पण मला आलेले चांगले वाचक बहुतेक कंपूबाहेरचे, वर्षानुवर्षं वाचनमात्र असलेले होते. ते प्रतिसाद देत नाहीत, खासगी निरोप पाठवतात.

प्रत्यक्ष माणसं हवी असतील तर आपल्या गावात शोधाशोध फार नको. १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. व्यासपीठाकडे जाऊ नका. कार्यक्रम संपल्यावर गाडी काढताना जो वक्त्याच्या एखाद्या वाक्यावर अडून बसलेला असतो, त्याच्याशी बोला. आमच्या गटातले दोघे मला असेच पार्किंगमध्ये भेटले.

आता अभिप्राय आला की त्याचं काय करायचं. इथे मी स्वतः ठेच खाल्लीय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्षबागायतदारावर कथा लिहिली होती. व्यापारी माल उचलतो, चेक देतो, चेक वटत नाही, व्यापाऱ्याचा फोन बंद. शेवटी बागायतदाराची बायको पडवीत रिकामे क्रेट मोजत बसते, तिथे कथा संपते. तिघांनी वाचून सांगितलं, ‘शेवट एकदम होतो. आणखी लिहा.’ मी मुकाट्याने दीड पान वाढवलं. नवरा पोलीस ठाण्यात जातो, बायको रडते, शेजारी येतात. पुन्हा दिली, पुन्हा तेच: ‘शेवट कळत नाही.’ मी वैतागले. मग आमच्या बैठकीत एकाने सहज विचारलं, ‘पण ती क्रेट का मोजते हो?’ आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या मनात पक्कं होतं की क्रेट तिच्या माहेरून उसने आणलेत, भावाने मोजून दिलेत आणि मोजून परत करायचेत. म्हणजे पैसे बुडाले तरी क्रेटचा हिशेब तिलाच द्यायचाय. हे मी कथेत कुठेच लिहिलं नव्हतं! मी दुसऱ्या पानावर तीन वाक्यं घातली: भाऊ ट्रॅक्टरमधून क्रेट उतरवतो, ‘एकशे चाळीस आहेत, ताई’ म्हणतो, आणि ती पाटीवर खडूने १४० लिहून ठेवते. वाढवलेलं दीड पान फाडून टाकलं. त्यानंतर शेवटाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

तिघंही खोटं बोलत नव्हते. त्यांना शेवटाला खरोखरच ठेच लागली होती. पण दगड दुसऱ्या पानावर होता. डॉक्टर पेशंटला कुठे दुखतं ते विचारतो, गोळी कोणती देऊ ते विचारत नाही. तसंच इथे. वाचकाने ‘इथे अडखळलो’ म्हटलं की मी वाद घालत नाही, तो अडखळला म्हणजे अडखळला. पण ‘म्हणून असं करा’ म्हटलं की ते वहीत लिहून ठेवते आणि आठ दिवस हात लावत नाही. ‘मी असतो तर नायकाला परदेशी पाठवलं असतं’ म्हणणाऱ्यांना हसून धन्यवाद द्यावेत. ती त्यांची कथा आहे, त्यांनी लिहावी.

एका बाबतीत मात्र अनोळखी वाचकाचा शब्द जसाच्या तसा घ्यायचा, तो म्हणजे तपशील. त्याच कथेत मी मार्च महिन्यात घडांचं डिपिंग, म्हणजे वाढीसाठी घड द्रावणात बुडवणं, दाखवलं होतं. निफाडकडच्या कुणीतरी खाली लिहिलं, ‘ताई, मार्चात डिपिंग? मार्चात तर माल तोडतात.’ मी लाजेने लाल. दिवाळी अंकाच्या चाळणीत, आमच्या बैठकीत, कुणाच्याच नजरेला हे आलं नव्हतं, कारण आम्ही सगळे द्राक्षं फक्त खाणारे. अशा माणसापर्यंत कथा पोहोचवायला उघड्यावर टाकण्यासारखा दुसरा मार्ग नाही. तुमच्या रहाडीच्या तपशिलावर जुन्या नाशकातल्या कुणी बोट ठेवलं तर त्याला आधी नमस्कार करा.

आता तो ‘निबंध’वाला. झोंबलं असणार, मलाही झोंबलं असतं. माझी एक साधी कसोटी आहे: हा अभिप्राय उचलून दुसऱ्या कुणाच्या कथेखाली चिकटवला तर चालेल का? चालत असेल तर तो तुमच्या कथेबद्दल नाहीच. ‘भिकार’ कुठेही चालतं, आणि लक्षात घ्या, ‘अप्रतिम’ही कुठेही चालतं. ‘निबंध’ हा शब्द कुठेही चालला नसता. तो तुमच्या दुसऱ्या भागाला नेमका लागू पडतो. माणूस उद्धट आहे, पण त्याने वाचलंय, तेही चौथ्या भागापर्यंत! त्या ११ जणांतले दहा जण जिथपर्यंत पोहोचले नाहीत तिथपर्यंत तो आला. मी असते तर तीन दिवस काही लिहिलं नसतं आणि चौथ्या दिवशी विचारलं असतं, ‘कोणत्या परिच्छेदापासून निबंध वाटायला लागला?’ उत्तर आलं तर तुम्हाला फुकटात तपासनीस मिळाला. नुसती कुत्सित शेरेबाजी आली तर त्याला सोडून द्या.

तुम्ही त्याला जे उत्तर दिलंत ते मात्र मी दिलं नसतं. १४ ओळी, त्यात रहाडीचं प्रतीक काय, पाण्याचा रंग म्हणजे काय, थोरल्याचं मन कसं. कथेखाली कथेची गाइड लिहू नये. मी एकदा माझ्या कथेवर दोन दिवस भांडत बसले होते. प्रतिसाद भराभर वाढले, धागा सतत वर राहिला, आणि मला वाटलं काय गाजतेय कथा! नंतर पाहिलं तर निम्मे प्रतिसाद माझेच होते, आणि पुढच्या कथेला त्या भांडणातलं कुणी फिरकलं नाही.

क्रमशः टाकण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. पूर्ण लिहून झाल्याशिवाय पहिला भाग टाकू नये. वाचक कित्येकदा अर्धवट सोडलेल्या कथांनी पोळलेले असतात. पहिल्या ओळीत ‘कथा पूर्ण आहे, सहा भाग, दर शुक्रवारी एक’ असं दिसलं तर ते निर्धास्त होतात. तुमचा दुसरा आणि तिसरा भाग यांत २३ दिवसांचं अंतर आहे. शिफ्ट बदलली असेल, मी समजू शकते, पण वाचकाला तोवर धाकट्याचं नावसुद्धा आठवत नाही. शिवाय भाग तोडताना प्रवास संपला म्हणून तोडू नका, काहीतरी हातात अर्धवट असताना तोडा. थोरला कट्ट्यावर उभा राहून खाली बघतोय, तिथे.

बारीकसारीक गोष्टी झटपट सांगते. परिच्छेद लहान ठेवा, मोबाइलवर तुमचा एकेक परिच्छेद अडीच स्क्रीन होतो. संवाद नव्या ओळीवर. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलं असेल तर युनिकोडमध्ये बदलून, एकदा स्वतः वाचून मग टाका, कारण बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास फुटतात. ऱ्हस्व-दीर्घासाठी एक माणूस धरून ठेवा. दर दोन ओळींना अडखळणारा वाचक कथेपर्यंत पोहोचतच नाही, आणि खालची सगळी चर्चा वेलांट्यांवर जाते.

चोरीची धास्ती. कथा लिहिली की १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क आपोआप तुमचा होतो, नोंदणीची सक्ती नाही. तो हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. आपले खर्डे तारखेसह जपून ठेवा, ईमेलने स्वतःलाच पाठवून ठेवा. नाव कापून कथा फिरवणारे भेटतात, माझीही एक फिरून माझ्याच फोनवर ‘फॉरवर्डेड’ म्हणून आली होती. त्रास होतो, पण नवख्या लेखकाचं खरं नुकसान कुणी वाचत नाही यात असतं, हे मी अनुभवाने म्हणते. याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच. ही कथा दिवाळी अंकाला द्यायची मनात असेल तर उघड्यावर टाकण्याआधी विचार करा. बहुतेक संपादक अप्रकाशित कथा मागतात, आणि इथे टाकलेली कथा त्यांच्या लेखी प्रकाशितच असते. माझ्या चाळणीत आलेल्या दोन चांगल्या कथा केवळ याच कारणाने बाजूला गेल्या होत्या. अशा कथेसाठी खासगी तिघं-चौघंच बरे.

हे सगळं प्रत्येकाला लागू होईल असं नाही. तुम्हाला भरपूर वाचक हवे असतील, रोज एक भाग टाकणारी कौटुंबिक किंवा रहस्यमय मालिका लिहायची असेल, तर गणित वेगळं. तिथे वेग आणि नेम जास्त महत्त्वाचे, आणि प्रतिलिपीसारख्या कथांच्या ॲपवर त्या प्रकाराचे वाचक वाट पाहत असतात. मायबोली, मिसळपाव या मराठी संकेतस्थळांवर वाचक तुलनेने कमी, पण खोदून बोलणारे जास्त भेटतात, असा माझा अनुभव. तुमची कातडी किती जाड आहे यावरही अवलंबून आहे. आमच्या गटात एक मुलगी आहे, उत्तम लिहिते, पण उघड टीका वाचली की महिनाभर पेन उचलत नाही. तिला मीच सांगितलं, तू टाकू नकोस, आम्हाला वाचून दाखव. तुमच्या प्रश्नाच्या सुरावरून तुम्ही तसे वाटत नाही. रागावलात, पण विचारायला आलात.

तर पाचवा भाग लगेच टाकू नका. आधी सहावा लिहून संपवा, मग सगळी कथा रहाडीच्या कट्ट्यावरून सुरू करून बघा. शिवनेरी आणि सिन्नर नंतर लागलंच तर येईल, माझा अंदाज आहे लागणार नाही. ते झालं की मला खासगीत पाठवा, येत्या महिन्याच्या बैठकीआधी वाचून ठेवीन. जमलं तर त्या रविवारी सकाळची शिफ्ट घेऊ नका आणि इंदिरानगरला या, कथा तुम्हीच वाचा, टिंबं नोटप्रेसवाले काका करतील. बदल्यात माझी एक २,२०० शब्दांची कथा तुम्हाला पाठवतेय. ती कुठे सोडून द्यावीशी वाटली तेवढं कळवा, कारण नको.

आणि हो, थोरल्या भावाचं नाव पहिल्या भागात सुधाकर आहे आणि तिसऱ्यात मधुकर झालंय.